दाताची भूल आणि रक्त: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. दात काढण्यापूर्वी जागा बधिर करण्यासाठी जे औषध वापरतात आणि जी सुई टोचतात, त्यांचा रक्ताशी येणारा संबंध हा तो विषय आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकांनी जे विचारले आहे त्याइतकेच त्यांनी जे चाचरत सांगितले आहे तेही महत्त्वाचे आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीची खालची अक्कलदाढ आडवी अडकली होती. दाभोळची फेरीबोट ओलांडून पलीकडच्या तालुक्यात जाऊन आम्ही ती काढून घेतली. डॉक्टरांनी आधी तोंडात बधिर करणारा फवारा तीन-चार वेळा मारला आणि मग इंजेक्शने दिली. दाढ व्यवस्थित निघाली. परतताना धक्क्यावर बोटीची वाट पाहत असताना तिचे ओठ आणि नखे राखाडी-निळी दिसू लागली, डोके दुखू लागले आणि धाप लागली. धोपाव्याला उतरून तिला सरकारी दवाखान्यात नेले. तेथे बोटाला लावलेल्या यंत्रावर ८५ हा आकडा आला आणि ऑक्सिजन लावूनही तो वर सरकेना. काढलेले रक्त चॉकलेटी रंगाचे होते. पुढे मोठ्या रुग्णालयात शिरेतून निळे औषध दिल्यावर तासाभरात तिचा रंग परतला. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाल्याने आम्ही पुन्हा घाबरलो. चार महिन्यांपासून तिला कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत. दातांच्या डॉक्टरांनी ‘कोणते औषध चालू आहे का’ असे विचारले होते, पण बाकावर शेजारच्या वाडीतली माणसे बसलेली होती, म्हणून तिने ‘काही नाही’ असे सांगितले. नेमके काय झाले? चूक कोणाची? पुन्हा दातांचे काही करायचे झाले तर? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर: आपल्या पत्नी बऱ्या झाल्या हे वाचून मनावरचा भार उतरला. जे घडले त्याला मेथहिमोग्लोबिनची बाधा म्हणतात. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते एका विशिष्ट अवस्थेत असेल तरच ऑक्सिजन धरू आणि सोडू शकते. काही रसायनांमुळे या लोहातील एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो आणि ते पुढच्या अवस्थेत जाते. आपल्याकडचा जांभा दगड ज्या अवस्थेतील लोहामुळे तांबडा दिसतो, तीच ही अवस्था. असे लोह ऑक्सिजन उचलू शकत नाही, आणि अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनलाच मेथहिमोग्लोबिन म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे, त्याच रेणूतील उरलेले चांगले लोहकण आपल्याजवळचा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात आणि तो पेशींना सहजासहजी मिळत नाही. म्हणून फुफ्फुसे उत्तम असूनही माणसाला धाप लागते, आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावूनही फारसा फरक पडत नाही.

निरोगी माणसाच्या शरीरातही थोडे हिमोग्लोबिन रोज असे बिघडत असते, परंतु रक्तपेशींतील एक विकर (एन्झाइम) ते लगेच दुरुस्त करते आणि त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आतच राहते. बिघाडाचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढला की प्रमाण चढू लागते. साधारण १० टक्क्यांच्या पुढे ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात, २० ते ३० टक्क्यांना डोके दुखते आणि छाती धडधडते, त्यापुढे गुंगी आणि गोंधळ येतो, आणि ७० टक्क्यांच्या वर जीव वाचणे कठीण असते. आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. निळेपणा डोळ्यांना दिसण्यासाठी दर डेसिलिटर रक्तात सुमारे दीड ग्रॅम बिघडलेले हिमोग्लोबिन असावे लागते. ज्यांचे हिमोग्लोबिन १५ आहे, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होते, तर ज्यांचे ८ आहे, त्यांच्यात जवळजवळ १९ टक्के. म्हणजे ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे, तिचे ओठ उशिरा निळे पडतात, पण तिला ऑक्सिजनची चणचण मात्र आधीपासून असते. तिच्या बाबतीत ओठांच्या रंगावर विसंबून चालत नाही.

आता औषधांकडे वळू. तोंडात मारायच्या बधिर करणाऱ्या फवाऱ्यांत आणि जेलमध्ये अनेकदा बेंझोकेन असते. त्याचे शरीरात विघटन होताना जे पदार्थ तयार होतात, ते हिमोग्लोबिनला वरील प्रकारे बिघडवू शकतात. त्याची लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसतात आणि आपण वर्णन केलेला काळ त्याच्याशी जुळतो. इंजेक्शनाने देण्याच्या औषधांपैकी प्रिलोकेन याबाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध आहे. त्याची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ८ मिलिग्रॅमच्या आणि एकंदर ६०० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, आणि त्याचा त्रास तीन-चार तासांनीही सुरू होऊ शकतो. त्वचा बधिर करण्याच्या मलमांतही लिग्नोकेनसोबत प्रिलोकेन असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे दातांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध लिग्नोकेन आहे. त्यात हा धोका फारच कमी आहे, परंतु अजिबात नाही असे मात्र नाही.

आपल्या पत्नीच्या बाबतीत फवाऱ्याला दुसऱ्या एका औषधाची जोड मिळाली. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात रोज घ्यायची एक गोळी डॅप्सोनची असते, प्रौढांसाठी १०० मिलिग्रॅमची. डॅप्सोन स्वतःच थोडे मेथहिमोग्लोबिन तयार करते. एरवी शरीर ते निभावून नेते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यावर बेंझोकेनचे तीन-चार फवारे पडले आणि दुरुस्तीचा वेग अपुरा पडला. एकेकटे घेतले असते तर यांपैकी कशानेही कदाचित काही झाले नसते.

ज्या डॉक्टरांनी बोटावरचा आकडा आणि रक्ताचा रंग एकत्र पाहून तुम्हाला पुढे पाठवले, त्यांनी फार मोलाचे काम केले. बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशावर हिशेब करते. मेथहिमोग्लोबिन ते दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषते, त्यामुळे यंत्र गोंधळते आणि आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. खरे प्रमाण को-ऑक्सिमीटर या वेगळ्या यंत्रावरच कळते आणि ते मोठ्या रुग्णालयांत असते. पण पांढऱ्या कापडावर किंवा टिपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन हवेत ठेवला, आणि तो लाल न होता तपकिरीच राहिला, तर त्याचा अर्थ कोणत्याही आरोग्य केंद्रात लावता येतो.

निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम या प्रमाणात पाचेक मिनिटांत शिरेतून देतात. रक्तपेशींत एरवी झोपून असलेला दुरुस्तीचा दुसरा मार्ग ते जागा करते. ते लघवीवाटे बाहेर पडते म्हणून लघवी हिरवी-निळी होते. एक-दोन दिवसांत ती पूर्ववत होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र दुरुस्तीचा हा दुसरा मार्ग जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकरावर चालतो. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असते, त्यांना मिथिलीन ब्लू दिल्यास गुण येत नाही आणि उलट रक्तपेशी फुटू लागतात. त्यांना क जीवनसत्त्व देऊन किंवा रक्त बदलून वाचवावे लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबतही हे औषध धोकादायक ठरते. म्हणजे उपचार करतानासुद्धा ‘कोणती गोळी चालू आहे’ या प्रश्नाचे खरे उत्तर लागतेच. डॅप्सोन शरीरातून सावकाश बाहेर पडत असल्यामुळे असा त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, आणि म्हणूनच आपल्या पत्नींना रात्रभर ठेवून घेतले असणार.

चूक कोणाची, असे आपण विचारले आहे. आपल्या पत्नींना दोष देण्यास माझे मन तयार होत नाही. बाकावर बसलेल्या चार ओळखीच्या माणसांसमोर ‘मला कुष्ठरोगाची गोळी चालू आहे’ असे सांगणे कोकणातल्या एखाद्या वाडीत किती जड जाते, हे मी जाणतो. या रोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते, उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता झपाट्याने संपते, आणि सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतात. तरीही लोकांच्या नजरेतली भीती गेलेली नाही. म्हणून माझे म्हणणे दातांच्या डॉक्टरांना आहे: हा प्रश्न बाहेरच्या खोलीत, सर्वांच्या समोर विचारायचा नसतो. रुग्ण खुर्चीत बसल्यावर दार लोटून घ्यावे, ‘मी विचारतो ते तुमच्या भुलीसाठी विचारतो, हे कोणाला कळणार नाही’ असे सांगावे आणि मग विचारावे. आणि आपल्या पत्नींना हे सांगावे की गोळ्यांचे रिकामे पाकीट पर्समध्ये ठेवून ते डॉक्टरांच्या हातात दिले, तरी तोंडाने एक शब्दही बोलावा लागत नाही.

यापुढे दातांचे काम करता येईल. निकडीचे नसेल, तर कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण होईपर्यंत थांबणे चांगले. निकडीचे असेल, तर बेंझोकेन आणि प्रिलोकेन दोन्ही टाळून लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन मोजक्या मात्रेत देता येते, मात्र काम झाल्यावर काही तास दवाखान्यापासून दूर जाऊ नये. खाडी ओलांडून घरी पोहोचेपर्यंत काय होते, हे आपण पाहिलेच आहे. डॅप्सोन मनाने बंद करू नका. रुग्णालयाची कागदपत्रे कुष्ठरोगाचे उपचार देणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा, म्हणजे ती गोळी चालू ठेवायची की बदलायची हे ते ठरवतील. जी-सिक्स-पी-डी आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्याही त्यांच्याकडून करून घ्या. एका मोठ्या कागदावर ‘मेथहिमोग्लोबिनची बाधा होऊन गेली आहे’ असे लिहून तो आधार कार्डासोबत ठेवा.

प्रश्न: नऊ महिन्यांच्या बाळाला दात येताहेत. औषधाच्या दुकानातून हिरडीवर लावायचे जेल आणले आहे. चोळू का? (एक आई, मालवण)

उत्तर: त्यात बेंझोकेन असेल तर मुळीच चोळू नका. दोन वर्षांखालील मुलांना दात येताना बेंझोकेन देऊ नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. वरच्या उत्तरात सांगितलेली दुरुस्तीची यंत्रणा तान्ह्या बाळात पहिले काही महिने अपुरी असते, आणि बाळाच्या छोट्या अंगात जेलची बोटभर मात्राही मोठी ठरते. शिवाय लाळेबरोबर ते लगेच पोटात जाते, त्यामुळे हिरडीला त्याचा उपयोगही फारसा होत नाही. थंड केलेले स्वच्छ ओले फडके चावायला द्या, किंवा स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच दाबा.

प्रश्न: वरची दाढ काढण्यासाठी मला गालाच्या आत, मागच्या बाजूला इंजेक्शन दिले. लगेच छाती इतकी धडधडली की मला वाटले आता संपले. ती दोन-तीन मिनिटांत शांत झाली, पण तेवढ्यात गाल फुगला. दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला आणि आता रंग मानेपर्यंत उतरला आहे. सासूबाई म्हणतात, सुईमुळे रक्त बिघडले, तीन-चार पिशव्या मिठाचा शेक दे. (एक वाचक, देवगड)

उत्तर: ताई, आपले रक्त बिघडलेले नाही. ते शिरेतून बाहेर येऊन गालाच्या मऊ भागात साठले आहे, आणि आधीची धडधडही त्याच घटनेचा दुसरा भाग असावा. वरच्या मागच्या दाढा बधिर करताना सुई जिथे जाते, त्याच्या शेजारी शिरांचे दाट जाळे आणि धमनीच्या शाखा असतात. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कुशल हातांकडूनही एखादी वाहिनी टोचली जाऊ शकते. भुलीच्या औषधात बहुधा १ भागाला ८०,००० भाग या प्रमाणात अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. त्याने आसपासच्या वाहिन्या आकसतात, भूल जास्त वेळ टिकते आणि काम करताना रक्त कमी वाहते. पण त्यातले थोडे थेट शिरेत गेले, की काही मिनिटे छाती जोरात धडधडते आणि हात थरथरतात. म्हणूनच औषध ढकलण्यापूर्वी सिरिंजची दांडी किंचित मागे ओढून रक्त येते का ते पाहतात, आणि मग औषध सावकाश सोडतात. खालच्या जबड्याची मोठी नस बधिर करताना तर दर शंभरातून दहा-पंधरा वेळा सिरिंजमध्ये असे रक्त दिसते. ते दिसले तर सुई हलवायची असते. ते दिसणे म्हणजे चूक झाली असे नाही. ते पाहिलेच नाही, तर मात्र चूक म्हणावी लागेल.

आता शेकाबद्दल. सूज आलेल्या दिवशी गरम शेक द्यायचा नसतो, कारण उष्णतेने वाहिन्या रुंदावतात आणि रक्त अधिक साठते. त्या दिवशी गालावर बाहेरून दाब आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवायचा, दहा-पंधरा मिनिटे ठेवायचा आणि मग थोडा वेळ काढायचा. तेवढा काळ आता उलटून गेला आहे, तेव्हा सासूबाईंचा कोमट शेक आता चालेल; फक्त तो कोमटच असू द्या. दोन आठवड्यांच्या आत रंग काळ्यानिळ्यावरून हिरवट आणि मग पिवळसर होत जाईल. तो मानेकडे उतरतो, कारण साठलेले रक्त खाली ओघळते. तोपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नका, दुखत असल्यास पॅरासिटामॉल घ्या. तोंड कमी उघडत असेल तर दिवसातून तीन-चार वेळा हळूहळू उघडण्याचा सराव करा. सूज वाढत चालली, गिळताना अडकू लागले, आवाज घोगरा झाला किंवा ताप आला, तर वाट न पाहता रुग्णालयात जा. आणि लहानसहान मारानेही अंगावर काळेनिळे डाग पडत असतील, मासिक पाळीत फार रक्त जात असेल, किंवा घरात भाऊ-मामांना रक्त न थांबण्याची तक्रार असेल, तर पुढच्या दाढेआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. हिमोफिलिया किंवा फॉन विलेब्रांडचा आजार कित्येकांच्या लक्षात येतो, तो प्रथम दाढ काढतानाच.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. हृदयाची धातूची झडप बसवली आहे आणि असेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. खालची दाढ काढायची आहे. मुलगा म्हणतो पाच दिवस गोळी बंद करा, नाहीतर सुईच्या जागीही रक्त थांबणार नाही. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: गुरुजी, गोळी बंद करू नका. हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून पक्के करून घ्या, पण आपण होऊन एकही गोळी चुकवू नका. तोंडातले रक्त बोटाने आणि कापसाने दाबून थांबवता येते. झडपेवर धरलेली रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली, तर तिथे कोणाचे बोट पोहोचत नाही. एक-दोन दाढा काढण्यासाठी हे औषध बंद ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

काम करायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी करावी. साध्या दाढेसाठी तो ४ च्या खाली असला की पुरतो, आणि काही डॉक्टर आणखी सावध राहून ३.५ ही मर्यादा पाळतात. पावसाळ्यात तपासणी अवश्य ताजी घ्या, कारण टाकळा, अळू, शेवग्याचा पाला अशा हिरव्या भाज्या आपल्याकडे त्याच दिवसांत भरपूर खाल्ल्या जातात, त्यांत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळीचा परिणाम कमी करते. भाजी सोडायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाल्ली, तर हिशेब बिघडत नाही.

मुलाची सुईबद्दलची भीती मात्र अगदी निराधार नाही. खालच्या जबड्याची नस बधिर करताना सुई खोलवर, जबड्याच्या आतल्या कडेला जाते. तिथे रक्तस्राव झाला तर तो वरून दाबता येत नाही आणि घशाच्या बाजूला पसरून श्वासाला अडथळा येऊ शकतो. रक्त पातळ असलेल्या रुग्णात, विशेषतः आयएनआर जास्त असेल तर, शक्य असल्यास ही खोल सुई टाळतात आणि दाढेलगत हिरडीत किंवा दाताभोवतीच्या अस्थिबंधात भूल देतात. त्यासाठी ४ टक्के आर्टिकेन बरे पडते, कारण ते हाडातून चांगले झिरपते. खोल सुई द्यावीच लागली, तर ती बारीक असावी, रक्त ओढून पाहावे आणि औषध सावकाश सोडावे. हृदयाच्या रुग्णाला एका बैठकीत अॅड्रिनॅलिनची मात्रा ०.०४ मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात. १ ला ८०,००० या प्रमाणाच्या औषधात ती सुमारे ३ मिलिलिटरमध्ये येते.

अॅड्रिनॅलिनची एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. त्यामुळे दाढ काढताना रक्त फार येत नाही आणि सर्वांना बरे वाटते, परंतु काही तासांनी त्याचा परिणाम ओसरला, की आकसलेल्या वाहिन्या पुन्हा सैल होतात आणि रात्री रक्त सुरू होऊ शकते. म्हणून सकाळची वेळ घ्या, शनिवार-रविवार नको, आणि ज्या दिवशी मुलगा घरी असेल तो दिवस निवडा. जखमेला टाके घालून घ्या आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्लात भिजवलेला कापूस अर्धा तास दाबून धरा. याच औषधाच्या ५ टक्के द्रावणाने पुढचे काही दिवस दिवसातून चार वेळा, जोर न लावता चूळ भरायला डॉक्टर सांगतील. पहिले २४ तास दुसऱ्या कशाच्या गुळण्या करू नका, थुंकत राहू नका, गरम चहाही टाळा. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. दातांच्या डॉक्टरांना ‘मला मेट्रोनिडाझोल आणि मायकोनाझोलचे तोंडात लावायचे जेल चालत नाही’ असे आवर्जून सांगा. दोन्हींनी या गोळीचा परिणाम धोकादायक रीतीने वाढतो, आणि दाताच्या दुखण्यावर मेट्रोनिडाझोल आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते. धातूची झडप असल्याने कामाच्या अर्धा ते एक तास आधी जंतुप्रतिबंधक औषधाची एक मात्राही लागते. अॅमॉक्सिसिलिन चालत असेल तर प्रौढांना २ ग्रॅम देतात.

शेजाऱ्यांना हृदयात स्टेंट घातलेला आहे आणि ते ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात, असेही आपण लिहिले आहे. त्यांनाही हेच लागू आहे: दाढेसाठी त्या गोळ्या मनाने थांबवू नयेत.

प्रश्न: मुलाला आठवड्यापूर्वी डेंग्यू झाला. ताप उतरला, पण प्लेटलेट कमी आहेत आणि दाढ ठणकते आहे. काढू का? (एक पालक, सावंतवाडी)

उत्तर: आत्ता नको. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असताना दाढ काढत नाहीत आणि खोल सुईही देत नाहीत. डेंग्यूत ताप उतरल्यानंतर त्या सहसा काही दिवसांत वाढतात, तेव्हा दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा. तोवर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन अजिबात नको, आणि दाढेत पू झाला असेल तर ती न काढता फक्त वरून उघडून पू काढता येतो का, हे दातांच्या डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमध्येही प्लेटलेट घसरतात, आणि दोडामार्गच्या बाजूला माकडतापातही. हिवताप झाला असेल आणि प्रायमाक्विन चालू असेल तर तेही सांगा. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात ते १४ दिवस देतात, आणि डॅप्सोनप्रमाणेच ते मेथहिमोग्लोबिन वाढवते. त्या पंधरवड्यात बेंझोकेनचा फवारा नको. फुरसे चावून गेले असेल, तर जखम बरी दिसली तरी रक्त गोठण्याची शक्ती काही दिवस पुन्हा घसरू शकते; विषप्रतिबंधक लस देणाऱ्या डॉक्टरांनी रक्त नीट गोठते आहे असे तपासून लेखी दिल्याशिवाय दातांच्या खुर्चीत बसू नये.